‘कळत नाही’ हे उत्तर नव्हे

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून मी जहांगीर कलादालनातील एका प्रदर्शनाविषयी बोलत होतो. माझे वाक्य पुरे होण्याआधीच एका सुशिक्षित गृहस्थांनी निकाल दिला, “अहो, त्यात कळण्यासारखे काय असते? असली चित्रे माझा नातूसुद्धा काढील.” सारे हसले. मीही हसलो; आणि घरी पोहोचेपर्यंत त्या हसण्याची मला लाज वाटत राहिली. त्या लाजेपोटीच हे लिहीत आहे.

वसईकडची आमची माणसे रोज चर्चगेटला उतरतात. तेथून काळा घोडा पायी फार दूर नाही. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीरमध्ये प्रवेशाला पैसाही पडत नाही, आणि रस्त्याच्या पलीकडे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उभे आहे. तरीही त्या परिसरात पस्तीस-चाळीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली, पण त्या दारांतून एकदाही आत न गेलेली माणसे मला नित्य भेटतात. विचारले तर उत्तर ठरलेले : आम्हांला ते कळत नाही.

वाचकहो, हे उत्तर मला मान्य नाही. व्हॅटिकन परिषदेपूर्वी आपले आजी-आजोबा जन्मभर लॅटिन मिस्सा ऐकत आले. त्यांतला एक शब्द तरी त्यांना कळत होता काय? म्हणून ती मंडळी पायऱ्यांवर उभी राहून हसली नाहीत. ती आत जाऊन गुडघे टेकून बसली, आणि त्यांना जे मिळायचे ते मिळाले.

जहांगीरची एक मौज अशी की चित्रकार स्वतःच बहुधा आपल्या चित्रांपाशी बसलेला असतो. एका भल्या मोठ्या, करड्या-तपकिरी पट्ट्यांच्या चित्रापुढे उभे राहून मी त्याला विचारले, “हे काय आहे?” तो म्हणाला, “तुम्हांला काय दिसते?” मला राग आला. उत्तर टाळण्याची ही युक्ती आहे, असे वाटले. मग नाइलाजाने म्हणालो, “भरती ओसरल्यावरचे मिठागर.” तो काही बोलला नाही, नुसता हसला. त्या संध्याकाळी परतताना भाईंदरची खाडी ओलांडून गाडी पुढे आली, तेव्हा इतकी वर्षे ज्यांच्याकडे पाठ करून मी वर्तमानपत्र वाचत आलो, ती मिठागरे मी पहिल्यांदा पाहिली.

सगळा दोष आपलाच, असेही मी म्हणणार नाही. भिंतीवरची टिपणे बहुधा इंग्रजीत, आणि ती इंग्रजीही अशी की प्राध्यापकाला घाम फुटावा. वर्तमानपत्रांना चित्राची आठवण लिलाव झाल्यावर होते. हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले, हे सर्वांनी वाचले. त्यातील तेरा लहान चित्रांत खेड्यातले कोणते जीवन रंगविले आहे, याची चौकशी कोणी केली?

पण आपला अपराध याहून जुना आहे. आंजेलो दा फोन्सेका हा गोव्याचा ख्रिस्ती चित्रकार. शांतिनिकेतनात शिकून आल्यावर त्याने मरियामातेला साडी नेसविली. आपल्याच लोकांनी त्याच्यावर एवढे तोंडसुख घेतले की त्याला गोवा सोडून पुण्याच्या आश्रमात राहावे लागले. १९६७ मध्ये तो तेथेच वारला. आज त्याची चित्रे पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात मानाने जपली जातात. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा तर लहानपणी देवीच्या आजारातून वाचला म्हणून आईने संत फ्रान्सिस झेवियरचे नाव दिलेला मुलगा. त्याने १९५९ साली रंगविलेला क्रुसावरील येशू काळाभोर, काटेरी, पाहणाऱ्याला अस्वस्थ करणारा आहे. तो लंडनच्या टेट संग्रहात आहे. आपल्या किती घरांत सूझाचे नाव तरी ठाऊक आहे?

मध्यंतरी एका धर्मग्रामात वेदीचे नूतनीकरण निघाले. येथल्याच एखाद्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घ्यावे, असे मी बैठकीत सुचविले. “लोकांना प्रार्थना करावीशी वाटली पाहिजे,” असे उत्तर मिळाले, आणि कॅटलॉग पाहून फायबरचा, गुलाबी गालांचा, निळ्या डोळ्यांचा पुतळा मागविण्यात आला. ज्या आजीने लाल लुगड्यात जन्म काढला, तिला लुगड्यातली मरियामाता पाहून प्रार्थना सुचणार नाही, हे कोणी ठरविले? तिला तर कोणी विचारलेही नव्हते.

त्या गृहस्थांना मी निरोप धाडला आहे : शनिवारी दुपारी नातवाला घेऊन चर्चगेटला इंडिकेटरखाली या. जहांगीर संध्याकाळी सातपर्यंत उघडे असते. चित्रांविषयी काय ते नातवालाच विचारू. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.