डाव्या पायाची कैफियत

सध्या जो भेटतो तो माझ्या डाव्या पायाची काळजी करतो. वास्तविक माझा डावा पाय अगदी धडधाकट आहे. त्याला संधिवात नाही, तो कुठे मुरगळलेला नाही, आणि बँकेच्या काउंटरखाली चोवीस वर्षं तो नुसता लोंबकळत असल्यामुळे त्याची झीजही फारशी झालेली नाही. पण मी गाडी घ्यायचा विचार करतोय असं म्हटलं रे म्हटलं, की समोरचा गृहस्थ आधी त्या पायाकडे करुणेने बघतो आणि मग म्हणतो, "ऑटोमॅटिकच घ्या हो. या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून पाय जाईल."

असं सांगणाऱ्यांत आमचे शाखाधिकारी आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, सख्खा मेव्हणा आहे. आणि शोरूममधला तो कोवळा पोरगा आहे, ज्याने "सर, मॅन्युअल आता कोण घेतं?" हा प्रश्न अशा सुरात विचारला की जणू मी त्याच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह मागत होतो. एवढ्यावर न थांबता तो सौ.कडे वळून म्हणाला, "आणि मॅडमना तर ऑटोमॅटिकच सोपी." आमची सौ. रोज सकाळी मुलीला मागे बसवून स्कूटरवरून कळंबोली सर्कल पार करते, तेही दोन ट्रेलरच्या मधून. तिला सोपं काय नि अवघड काय हे या पोराने सांगावं?

तेव्हा वाचकहो, हा लेख म्हणजे सरळसरळ भांडण आहे. शांततेची आवड असणाऱ्यांनी पुढचा लेख वाचावा.

मी रोडपालीला राहतो. हे नाव सांगितलं की निम्मे लोक "बल्लाळेश्वराचं का?" म्हणून हात जोडतात. ते पाली सुधागड तालुक्यातलं. आमचं हे पनवेल तालुक्यातलं, कळंबोलीला चिकटलेलं. गावाच्या नावातच 'रोड' आहे, पण तो इंग्रजी रोड नसून मराठी रोड, म्हणजे हडकुळा, असावा अशी माझी जुनी शंका आहे. एका कडेला ट्रेलर उभे राहिले की जो उरतो तो रस्ता याच अर्थाने रोड असतो. इकडे कळंबोलीचा लोखंड बाजार, तिकडे तळोज्याची एमआयडीसी, आणि मध्ये आम्ही. अशा ठिकाणी स्पोर्ट्स कार आणणं म्हणजे माजघरात शर्यतीचा घोडा बांधण्यासारखं आहे, हे मलाही कळतं. पण भाच्याच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना असा एक घोडा विकायचा होता, आणि नुसतं चालवून बघायला पैसे पडत नाहीत.

घोड्याचं नाव अबार्थ पुंटो. शुद्ध स्पोर्ट्स कार दोन दारांची, दोन माणसांची असते. तसली गाडीही आपल्याकडे होऊन गेली. गोव्यात १९९८ मध्ये सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी निघाली होती. पण तीत सासूबाई कुठे बसणार? ही पुंटो पाच दारांची. वरून बघावं तर संसारी, आतून बेरकी. २०१५ च्या ऑक्टोबरात ती आली तेव्हा दिल्लीतली शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार होती. १३६८ सीसीचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि पाच गिअर. पाचही हाताने टाकायचे, ऑटोमॅटिक हा पर्यायच नाही. २०१९ मध्ये फियाट नावाच्या गाड्या भारतात बनायच्या थांबल्या, तेव्हापासून ही मंडळी जुन्या बाजारातच भेटतात.

गाडीच्या नाकावर विंचू आहे. कार्ल अबार्थ हा गृहस्थ मूळचा ऑस्ट्रियाचा. त्याने १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली आणि स्वतःची रास वृश्चिक म्हणून विंचवालाच निशाणी केलं. राशीला इतका मानणारा कारखानदार परदेशातही असतो हे कळल्यावर सासूबाईंचं मत एकदम अनुकूल झालं. त्यातून ही गाडी तयार झाली रांजणगावच्या कारखान्यात. म्हणजे महागणपतीच्या गावची. घरातला निम्मा विरोध तिथेच मावळला.

मालकांनी साडेपाच लाख सांगितले. मी बी.कॉम. आहे. घटत्या शिलकेवर १५ टक्के दराने दहा वर्षांचा घसारा काढून मी १ लाख ९५ हजार ८९० हा आकडा चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चिठ्ठी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी चालवून तर बघा."

सोबतीला शेजारचे काका घेतले. काका एसटीत ड्रायव्हर होते, पनवेल आगारात. कर्नाळ्याची खिंड आणि वडखळ नाका यांच्या दरम्यान त्यांची तीस वर्षं गेली. मी स्वतः गाडी शिकलो ती प्रीमियर पद्मिनीवर. तीही मूळची फियाटच, कुर्ल्याला बनायची, आणि तिचा गिअर स्टेअरिंगच्या बगलेत छत्रीच्या दांड्यासारखा असायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा ती बातमी वाचून मी काउंटरवर दोन मिनिटं टोकन पुकारायचं विसरलो होतो. पण खरं सांगायचं तर गेली दहा वर्षं मी फक्त मेव्हण्याची ऑटोमॅटिकच चालवलीय, तीही लग्नसराईत.

रविवारी सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा जिथे बंद पडली तो रस्ता पोलीस मुख्यालयाचा होता. (नवी मुंबई पोलिसांचं मुख्यालय आमच्या रोडपालीतच आहे. १४५ घोडे घेऊन त्याच्यासमोर निश्चल उभं राहण्याचा मान फार थोड्यांना मिळाला असेल.) मागे लोखंडी कॉइल लादलेला ट्रेलर. त्याने हॉर्न दिला तो माझ्या मणक्यातून गेला. शेवटी काका म्हणाले, "साहेब, तुम्ही पाय सोडताय, काढत नाही आहात. हळूहळू वर घ्या. बॉनेट जरासं थरथरलं की तिथेच थांबा. तेवढं कळलं की झालं, बाकी सगळं सोपं आहे."

ते थरथरणं मला चौथ्या वेळी सापडलं. ड्रायव्हर लोक त्याला नुसतं 'हाफ क्लच' म्हणतात. इंजिन फिरतंय, चाक उभं आहे, आणि दोघांची गाठ तुमच्या तळपायाखाली पडतेय. पाव इंच इकडे तर गाडी मरते, पाव इंच तिकडे तर उधळते.

मग आला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ च्या वेगाने गाडी सुखाने जावी इतका गोलसर. आमच्या गल्लीतला कुणी घातला हे कुणालाच माहीत नाही. तो रुंदीला उंबरठ्याएवढा आणि उंचीला पाटाखाली पाट घातल्यासारखा आहे. गाडीचं पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटर. हिशेब जुळेना. काका उतरले, वाकून बघितलं, "तिरकी घ्या" म्हणाले, आणि ते उतरल्यामुळे गाडी जी बोटभर वर आली तेवढ्यावर आम्ही पार झालो.

तळोज्याच्या बाजूला महामार्ग जरा मोकळा होता. टर्बोचं तत्त्व मला फार आवडलं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. म्हणजे निरोप समारंभाच्या वर्गणीतून स्वागत समारंभ. पण धूर पुरेसा साठेपर्यंत पंखा ढिम्म असतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांपर्यंत गाडीची चाल आमच्या शाखेतल्या दुपारच्या तीन वाजल्यासारखी, आणि त्यानंतर एकदम ३१ मार्चची संध्याकाळ! पाठ सीटला चिकटली. काकांनी टोपी धरली. कंपनी म्हणायची, शून्यापासून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत. आमच्या रस्त्यावर ८.८ सेकंदांत एक ट्रक, दोन रिक्षा आणि एक गाय येते, त्यामुळे मी ८० च्या पुढे गेलो नाही.

खरी मजा वेगात नव्हतीच. नावडे फाट्याजवळ पुढचा टँकर हळू झाला, मी ब्रेकवर आलो, तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना मधेच किंचित रेस दिली, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. धक्का नाही, कुरकुर नाही. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत कागदी लेजरं होती. महिनाअखेरीला बेरीज पहिल्या फटक्यात जुळली की मानेमागून जी शिरशिरी जायची, तीच ही. काका फक्त "हं" म्हणाले. एसटीतल्या माणसाचं हे प्रशस्तिपत्रक समजावं.

आता भांडणाकडे येतो.

ऑटोमॅटिकवाल्यांचं पहिलं म्हणणं, मॅन्युअल आता कोण घेतं? तर आजही आपल्या देशात खपणाऱ्या गाड्यांत मॅन्युअलच जास्त आहेत. दुसरं म्हणणं, यंत्र माणसापेक्षा झटपट गिअर टाकतं. हे मात्र खरं आहे. पोर्शे कंपनीने २०१३ मध्ये आपली ९११ जीटी३ निव्वळ ऑटोमॅटिक काढली. गिऱ्हाइकं रुसली. २०१७ मध्ये कंपनीने मॅन्युअल परत आणली. शंभरचा वेग गाठायला ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद लागतात आणि मॅन्युअलला ३.९, हे ठाऊक असूनही अर्धा सेकंद मागे राहण्यासाठी माणसं रांगेत उभी राहिली. कोट्यवधींची गाडी घेणारा माणूस बावळट असू शकतो हे मी बँकेत असल्यामुळे जाणतो, पण इतके सगळे एकदम नसावेत.

तिसरं म्हणणं, "क्लचच नको ना!" इथे मोठी गंमत आहे. आपल्याकडे २०१४ च्या सेलेरियोपासून जी स्वस्तातली ऑटोमॅटिक घरोघर पोचली, तिला एएमटी म्हणतात. लोकांना वाटतं तीत क्लच नसतो. असतो! क्लच तसलाच, गिअरपेटीही तसलीच. फक्त तुमच्या पायाऐवजी एक यंत्र तो दाबतं, आणि कधी दाबायचा ते एक डबी ठरवते. मेव्हण्याची गाडी याच जातीची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, लग्नकार्यात तोंडं दिसायची आहेत. चढावर ती डबी विचारात पडते, आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून तिच्या निर्णयाची वाट बघत बसता. मला हा अनुभव फार ओळखीचा वाटतो, कारण मी स्वतःच त्या डबीचा काउंटरवरचा प्रतिनिधी आहे.

मागच्या नोव्हेंबरात एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. मशीनवर अंगठा ठेवला, मशीनने नकार दिला. जन्मभर भात लावून आणि भांडी घासून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. दहाही बोटं झाली. मी म्हणालो, "आजी, सिस्टीम घेत नाही." त्या म्हणाल्या, "अरे, पण तू तर मला ओळखतोस ना?"

ओळखतो की. बावीस वर्षं ओळखतो. त्यांच्या यजमानांचं खातं मीच बंद केलं होतं. आणि हयातीच्या दाखल्याचा कागदी फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होता, जो आजही चालतो. आजींनी माझ्यासमोर सही करायची आणि अधिकाऱ्याने खाली शिक्का मारायचा, एवढंच काम. पण तो काढायचं मला सुचलं नाही. आजी परत गेल्या. चौथ्या दिवशी पुन्हा रिक्षाचे पैसे घालून आल्या, तेव्हा सुचलं. फॉर्म भरायला सहा मिनिटं लागली. हा फॉर्म मला कुणी मना केलेला नव्हता. हात तिकडे जायची सवय गेली होती, एवढंच. दहा वर्षं माझा डावा पाय रिकामा होता तो फक्त मेव्हण्याच्या गाडीत नव्हे.

म्हणून सांगतो, पोलीस मुख्यालयासमोर मी तीनदा गाडी बंद पाडली तेव्हा मला लाज वाटली, पण एका बाजूने बरंही वाटलं. सिस्टीम घेत नाही असं म्हणायची तिथे सोयच नव्हती. चूक माझी होती, हे मला, काकांना आणि त्या ट्रेलरवाल्याला स्वच्छ दिसत होतं. आणि चौथ्यांदा जमलं तेही माझंच होतं.

ज्यांचे गुडघे खरोखर गेलेत, ज्यांच्या पायात बळ नाही, त्यांना ऑटोमॅटिकने रस्ता मिळवून दिला. त्यांच्याशी माझा वाद नाही. भर पावसात कळंबोली सर्कलवर पाऊण तास पहिला-न्यूट्रल-पहिला करणाऱ्यालाही मी उपदेश करणार नाही. त्या पाऊण तासात माझंही मतपरिवर्तन होतं. (सर्कल सुटलं की मत पूर्वपदावर येतं.) पण ज्याचा पाय शाबूत आहे त्याला 'तुझा पाय आता लागत नाही' असं हसत हसत पटवून देणाऱ्या त्या कोवळ्या पोराशी माझं भांडण आहे, आणि ते मी सोडणार नाही.

परत आल्यावर काका म्हणाले, "मला एक चक्कर मारू द्या." मालक नाही म्हणायच्या आत ते बसलेसुद्धा. गाडी गल्लीतून अशी निघाली की गिअर कधी बदलला ते कानाला कळलं नाही. तो गतिरोधकही त्यांनी तिरका घेतला, एकट्याने, न उतरता. परत येऊन किल्ली मालकांच्या हातात दिली आणि चष्मा पुसत म्हणाले, "विंचू चांगला आहे."

व्यवहार अजून झालेला नाही. मालक पाच लाखांवर उतरलेत, मी दोन लाख दहा हजारांवर चढलोय. सौ.ने किमतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मला कधी शिकवणार?" मी काकांकडे बोट दाखवलं.

काका म्हणाले, "आधी त्या गतिरोधकाचं काहीतरी बघा."