सेतूला दोन टोकं लागतात

एप्रिल 2020 मध्ये 'आरोग्य सेतू' आलं आणि मे महिन्यात विशेष रेल्वेने जाणाऱ्यांना ते सक्तीचं झालं. आमचं कुर्डुवाडी जंक्शनचं गाव, त्यामुळे रेल्वेचा नियम इथे घरचाच विषय.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी ॲपची बाजू सांगतो. फलाटावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचं नाव कुणालाच सांगता येत नाही. दोन फोन जवळ आल्याची नोंद मात्र ब्लूटूथने होते. आशाताईंच्या वहीत हे कधीच येणार नाही.

आता हिशेब बघा. ॲप दोघांकडेही लागतं. शंभरातल्या चाळीस जणांकडे ते असेल, तर कुठल्याही दोघांची भेट नोंदली जाण्याची शक्यता शंभरात सोळाच. शिवाय ब्लूटूथला पातळ भिंत अडवत नाही. पलीकडचा शेजारीही 'संपर्क' ठरतो. साध्या फोनसाठी 1921 क्रमांक होता. त्यावर लक्षणं कळवता येत, जवळ कोण होतं ते नाही.

त्याहून मोठी अडचण भीतीची. परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट 2020 मध्ये, त्यांना बळीचा बकरा केलं असण्याची शक्यता बोलून दाखवली. तोवर मोहल्ल्या-मोहल्ल्यांत 'यादी' हा शब्दच धसक्याचा झाला होता. असा माणूस ॲपला खरं कशाला सांगेल?

संपर्काची माहिती 180 दिवसांपलीकडे ठेवू नये, असं मे 2020 च्या नियमावलीत होतं. पण नियमावली म्हणजे कायदा नव्हे. पुढच्या साथीआधी आपल्या आमदार-खासदारांकडे कायदाच मागू या: सक्ती नको, माहिती पुसण्याची तारीख ठरलेली हवी, आणि ती आरोग्य खात्याबाहेर, पोलिसांकडेसुद्धा, जाता कामा नये.