मराठी शाळा टिकवा, तेलुगूही मागा



जून आला की मूल मराठी शाळेत घालावे की इंग्रजी, याची बाजारहत्नूरमध्ये घरोघरी चर्चा होते. या प्रश्नाला कोरियाचा इतिहास उपयोगी आहे.

कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. तेथे वसलेल्या जपानी कुटुंबांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. १९११ च्या शिक्षण हुकुमानंतर जपानी मुलांची प्राथमिक शाळा सहा वर्षांची, तर कोरियन मुलांची चार वर्षांची. सत्ता पाठीशी होती, म्हणून शेजाऱ्याची भाषा शिकण्याची गरज बहुतेकांना वाटली नाही. १९४५ मध्ये सत्ता गेली आणि लाखो जपान्यांना गाशा गुंडाळून परतावे लागले.

आपली गोष्ट वेगळी. आपल्यामागे सत्ता कधीच नव्हती. निजामाच्या राज्यात शिक्षणाची भाषा उर्दू होती. तरीही हैदराबादेत मराठी मंडळींनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा काढली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली तेव्हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडला गेला, आपण इकडेच राहिलो. आपण कुठे गेलो नाही, सीमाच हलली. म्हणून मराठी शाळा ही कुणाची मेहरबानी नव्हे. राज्यघटनेच्या कलम ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे स्पष्ट म्हटले आहे.

पण हक्क मागताना कोरियातल्या जपान्यांची चूक आपण करू नये. २०१८ च्या तेलंगण कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीची झाली. काहींना हे संकट वाटते, मला वाटत नाही. बँकेच्या खिडकीशी बसून मी रोज पाहतो: सातवी-आठवी शिकलेला आपला शेतकरी तहसीलचा तेलुगू कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो. जो वाचून देतो, त्याच्या शब्दावर व्यवहार होतो. यात आपले नुकसान आहे.

तेव्हा मागणी दुहेरी हवी. मराठी शिक्षकाची जागा रिकामी राहू नये, पुस्तके जूनमध्येच मिळावीत आणि प्रत्येक मराठी शाळेत तेलुगू नीट शिकवणारा शिक्षक असावा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारा. आणि आपले मूल आधी मराठी शाळेच्या हजेरीपटावर घाला. पट रिकामा असेल तर मागणीला वजन येत नाही.