दुखणे पायांत, दोष कण्यात

गेल्या महिन्यात जबलपूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे सासरे एकाहत्तर वर्षांचे आहेत. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत ते रोज पहाटे नर्मदेच्या घाटापर्यंत पायी जाऊन येत असत. आता शे-दीडशे पावले चालले की दोन्ही मांड्या व पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात, आणि वाटेत जो ओटा दिसेल त्यावर त्यांना टेकावे लागते. पाच मिनिटे बसले की पाय पुन्हा पूर्ववत. नवल असे की, सायकलवर बसून मात्र ते सारा बाजारहाट बिनतक्रार करून येतात. त्यामुळे घरातील मुले म्हणतात की आजोबांना दुखणे कसले, चालण्याचा आळस आहे! भगिनी पुढे लिहितात, "एका शस्त्रवैद्यांनी कण्याचे थोडे हाड काढावे लागेल असे सांगितले. दुसऱ्यांनी हाड काढून वर स्क्रू व सळ्या बसवाव्या लागतील असे सांगितले, आणि त्याचा खर्च पुष्कळच अधिक आहे. मामंजी म्हणतात, काहीच नको. आम्ही कोणाचे ऐकावे?"

प्रथम आजोबांवरील आळसाचा आरोप दूर केला पाहिजे. ज्या सायकलमुळे मुलांना संशय आला, तीच सायकल त्यांच्या बाजूची उत्तम साक्षीदार आहे. कमरेच्या भागात आपले पाच मणके असतात, आणि त्यांच्या मागील बाजूच्या कमानींखालून एक पोकळी गेलेली असते. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. तेथून खाली या पोकळीतून जातो तो मज्जातंतूंचा झुबका. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून शारीरशास्त्रज्ञांनी त्याला 'अश्वपुच्छ' असेच नाव दिले आहे. वय वाढते तसतशी मणक्यांमधील गादी चेपून पोकळीत फुगते, मागील सांधे झिजून जाडजूड होतात, कमानींना जोडणारा पिवळा अस्थिबंध जाड होऊन आत येतो, आणि तिन्ही बाजूंनी ही वाट अरुंद होते. ताठ उभे राहिले अथवा चालले की ती आणखी आवळते. पुढे वाकले की थोडी मोकळी होते. सायकलचे हँडल धरताना मनुष्य पुढे वाकतो, म्हणून पाय विनातक्रार चालतात. अशीच माणसे बाजारात भाजीची हातगाडी ढकलताना मैलभर जातात, पण रिकाम्या हाताने ताठ चालू लागली की थांबतात.

आपल्याकडे याला सरसकट "मणक्यात गॅप आली" असे म्हणण्याची रीत पडली आहे. हा शब्द कोणी रूढ केला असेल तो असो, पण त्याने समजुतीचा घोटाळाच अधिक केला आहे. येथे अंतर वाढलेले नसून जागा कमी झालेली असते. डॉक्टर तिला 'लंबर कॅनाल स्टेनोसिस' म्हणतात. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील मेंदू व मज्जा यांचे शस्त्रवैद्य हेंक व्हेर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. चालताना पाय अडतात परंतु बसल्यावर तपासले तर फारसे काही सापडत नाही, अशा रुग्णांचे गूढ तेव्हापासून उलगडू लागले.

तथापि चालताना पाय दुखणारा प्रत्येक वृद्ध याच विकाराचा नव्हे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी पोटऱ्या अशाच भरून येतात. मात्र त्या रुग्णाला बसावे लागत नाही, नुसते उभे राहिले तरी आराम पडतो, आणि चढावर त्रास वाढतो. कण्याच्या रुग्णाला पुष्कळदा उतारावर अधिक त्रास होतो, कारण उतरताना शरीर मागे झुकते. पायाची नाडी बोटांनी चाचपून पाहण्यास डॉक्टरांना अर्धे मिनिट पुरते. ते विसरले तर घरच्या माणसाने आठवण द्यावी. जुना मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खुब्याची झीज यांचाही विचार आधी झाला पाहिजे.

नंतर येते ते एम.आर.आय. चित्र. त्याचा अहवाल वाचून घरोघरी घबराट होते, म्हणून एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पाठीचा वा पायाचा कसलाच त्रास नसलेल्या ६७ व्यक्तींची अशी चित्रे अमेरिकेत काढण्यात आली, आणि तो अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील साठीपुढील व्यक्तींपैकी शेकडा २१ जणांत ही पोकळी अरुंद झालेली आढळली! शस्त्रक्रिया चित्रावर करावयाची नसते. रुग्णाची तक्रार, तपासणी आणि चित्र या तिन्हींचा मेळ बसला तरच तिचा विचार करावयाचा.

बहुतेकांत हा विकार मंदगतीने चालतो, काहींत वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतो. व्यायाम, वजनावर ताबा, पुढे झुकून चालण्यासाठी काठी अथवा चाकांचा आधार आणि वेदनाशामक औषधे यांवर कित्येकांचे भागते. दोन अवस्था मात्र निराळ्या आहेत. लघवी अडणे अथवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीचा भाग बधिर होणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे दुसऱ्या मताची वाट पाहण्यास सवड नसते. पाऊल लुळे पडून चप्पल निसटू लागली, तरीही दिवस घालवू नयेत.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. तिचा मूळ हेतू एकच, तो म्हणजे आवळलेल्या मज्जातंतूंना जागा करून देणे. जुन्या पद्धतीत मणक्याची मागील कमान पूर्ण काढतात. तिला 'लॅमिनेक्टमी' म्हणतात. अलीकडे पुष्कळ शस्त्रवैद्य कमानीचा थोडाच भाग व जाड झालेला अस्थिबंध काढतात. कोणी सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूने शिरून दोन्ही बाजू मोकळ्या करतात, तर कोणी दुर्बिणीच्या नळीतून तेच साधतात. जखम लहान की मोठी यावर जाहिरातींचा फार भर असतो. नॉर्वेत ४३७ रुग्णांवर मोकळीक करण्याच्या तीन निरनिराळ्या पद्धती वापरून तुलना करण्यात आली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. तेव्हा ज्या शस्त्रवैद्यांचा ज्या पद्धतीत हात बसला आहे, ती त्यांना करू द्यावी.

भगिनींचा खरा प्रश्न स्क्रू आणि सळ्यांचा आहे. दोन मणके एकमेकांशी पक्के जोडून टाकण्याच्या या क्रियेला 'फ्यूजन' म्हणतात. हाड काढल्याने कणा खिळखिळा होईल, या भीतीपोटी ती फार वाढली. स्वीडनमधील सात रुग्णालयांत ५० ते ८० वर्षांच्या २४७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटाची केवळ मोकळीक केली, दुसऱ्याची मोकळीक करून मणके जोडले. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही दोन्ही गटांच्या त्रासात फरक नव्हता. जोडणी केलेल्यांना रुग्णालयात सरासरी सात दिवसांहून अधिक राहावे लागले, इतरांना सुमारे चार दिवस. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाणही जवळजवळ सारखेच निघाले.

परंतु येथेच थांबलो तर दुसऱ्या शस्त्रवैद्यांवर अन्याय होईल. काही रुग्णांत एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकलेला असतो. अशा ६६ रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात चार वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्यांचे प्रमाण केवळ मोकळीक केलेल्यांत शेकडा ३४, तर जोडणी केलेल्यांत १४ होते. उलट २०२१ मध्ये नॉर्वेतील २६७ रुग्णांच्या अभ्यासात, मणका सरकलेला असूनही, केवळ मोकळीक जोडणीहून कमी ठरली नाही. माझे मत विचाराल तर, मणका सरकलेला नसेल आणि वाकून व ताठ उभे राहून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत तो हलतही नसेल, तर स्क्रू कशासाठी, हे विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे. कणा एका बाजूस फार वाकलेला असेल, अथवा मोकळीक करताना सांध्यांचा मोठा भाग काढावा लागणार असेल, तर त्याचे समाधानकारक उत्तर मिळू शकेल.

मणक्यांच्या मागील टोकांमध्ये पाचर बसविण्याची एक युक्तीही मध्यंतरी गाजली. व्हेर्बीस्ट यांच्याच देशात २०१३ साली तिची परीक्षा झाली, आणि पाचर बसविलेल्यांपैकी शेकडा २९ जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. साध्या मोकळिकीनंतर हे प्रमाण ८ होते.

शस्त्रक्रियेने मिळते काय? पायांची व्यथा कमी होते, चालण्याचा पल्ला वाढतो. कंबरदुखीचा भरवसा तितका देता येत नाही, आणि जुना बधिरपणा राहूही शकतो. अमेरिकेतील तेरा केंद्रांत ६५४ रुग्णांचा जो अभ्यास २००८ पासून प्रसिद्ध होत गेला, त्यात शस्त्रक्रिया केलेल्यांची प्रकृती पहिली काही वर्षे स्पष्टपणे अधिक चांगली होती. आठ वर्षांनी एका गटातील हा फरक मावळला होता. चार-पाच वर्षे मोकळेपणाने चालता येणे ही एकाहत्तराव्या वर्षी लहान प्राप्ती नव्हे. धोकेही सांगितले पाहिजेत. मज्जातंतूंचे आवरण फाटून आतील द्रव झिरपणे, जखमेत पू होणे, रक्त साकळणे आणि क्वचित मज्जातंतूस इजा होणे हे ते होत. मधुमेह ताब्यात आणणे आणि तंबाखू सोडणे, या दोन गोष्टी घरच्यांच्या हातात आहेत.

मामंजी "काहीच नको" म्हणतात, त्याचाही मान ठेवावा. वर सांगितलेली तातडीची लक्षणे नसतील तर थांबण्यात सहसा धोका नाही. मात्र त्यांना घाट आठवतो का, एवढे एकदा विचारून पाहावे. सत्तरीपुढील सर्व वृद्धांना २०२४ पासून केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेत घेतले आहे. ही शस्त्रक्रिया आपल्या रुग्णालयात तिच्यात बसते का, याची चौकशी भरती होण्यापूर्वीच करावी. तोवर एका वहीत, न बसता किती पावले चालता आली, हे दर रविवारी लिहून ठेवावे, आणि शस्त्रवैद्यांकडे जाताना ती वही चित्रांबरोबर न्यावी.