बाटलीला जन्मतारीख, लेण्यांना दंतकथा

एक दिवसाची सहल. सकाळी 'पांडवलेणी', दुपारी वाईन टेस्टिंग, संध्याकाळी गोदाघाट. वातानुकूलित बस, सोबत गाईड, दुपारचे जेवण तिकिटातच. नाशिकमध्ये अशा सहलींचा धंदा सध्या जोरात आहे. गेल्या फेब्रुवारीत आमच्या अभ्यासवर्गातील पाच जणांनी अशाच एका सहलीची तिकिटे काढली. आमच्यातील दोघे तर नाशिकचेच. लहानपणापासून त्रिरश्मी डोंगर चढत आलेली माणसे आम्ही, मग पैसे मोजून का गेलो? आपल्या लेण्यांबद्दल बाहेरून आलेल्या माणसाला नेमके काय सांगितले जाते, हे एकदा त्याच्या शेजारी बसून ऐकायचे होते.

ऐकले. आणि जे ऐकले त्यावर आपल्या तरुणांनी विचार करावा म्हणून हे लिहीत आहोत.

डोंगराच्या पायथ्याशी गाईडने सुरुवात केली. पांडव वनवासात असताना येथे राहिले, एका रात्रीत त्यांनी ही लेणी कोरली, पहाट झाली म्हणून काही काम अर्धवट राहिले. नंतर 'बुद्धिस्ट लोक' येथे येऊन राहिले. बस, दोन हजार वर्षांचा इतिहास पाच मिनिटांत संपला. बुद्ध या कथेत भाडेकरू आणि पांडव घरमालक!

वर एका विहारात भिक्खूंच्या कोठड्या आहेत, आत झोपण्यासाठी दगडी ओटा. सहलीतील सातआठ वर्षांच्या मुलीने तो ओटा पाहिला आणि विचारले, "आई, भीम एवढ्याशा ओट्यावर कसा मावायचा गं?" सगळे हसले. आम्हाला मात्र त्या दिवसातील सर्वांत शास्त्रशुद्ध प्रश्न तोच वाटला. आम्ही तिला सांगितले, "बाळा, इथे भीम नव्हता राहत. इथे भिक्खू राहायचे. पावसाळ्यात गावोगाव फिरणे थांबवून एका जागी राहून अभ्यास करायचे." तिच्या आईने आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्ही सहलीचा विचका करायलाच आलो होतो.

भिंत काय सांगते?

मित्रांनो, ही लेणी कोणी कोरली याबद्दल अंदाज बांधण्याची गरजच नाही. खुद्द भिंतीवर लिहून ठेवले आहे. प्राकृत भाषा, धम्मलिपी. एकोणिसाव्या क्रमांकाच्या लहानशा लेण्यातील लेख सांगतो, की सातवाहन कुळातील कन्ह राजाच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने हे लेणे करविले. म्हणजे सुमारे इ. स. पूर्व पहिले शतक. अठराव्या लेण्यातील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. अख्ख्या गावाचे दान! सतराव्या लेण्याचा दाता उत्तरेकडून आलेला यवन, इंद्राग्निदत्त. आठव्या लेण्याचा दाता मुगूदास. लेखात त्याला 'दासक' म्हटले आहे आणि अभ्यासक त्याचा अर्थ कोळी, मासेमार असा लावतात. मासे धरणाऱ्या माणसाने कुटुंबासह लेणे दान दिले आणि त्याचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले.

दहाव्या लेण्यातील लेख तर समाजशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापणांची ठेव ठेवली. कोणाकडे? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० च्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. आता हिशेब करून पाहा. महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, बरोबर २४०. हा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला आणि नोंदवहीत चढवला, हेही लेखात आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली, तीही अशाच कारागीर श्रेणींकडे. त्यांत तेली आहेत, पाण्याची यंत्रे करणारेही आहेत.

विणकर, तेली, मासेमार, गावकरी, यवन, शक, एक स्त्री. राजाचा जावई ज्यांच्याकडे विश्वासाने पैसा ठेवत होता ते हात कष्टकऱ्यांचे होते. 'एका रात्रीत पांडवांनी कोरले' या एका वाक्याने ही सगळी माणसे पुसली जातात. म्हणून ही दंतकथा निरुपद्रवी नाही. हा श्रमिकांच्या नावांवर फिरवलेला बोळा आहे. आणि तो फक्त नाशिकला फिरलेला नाही. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचा विहार आज गणपतीचे देऊळ म्हणूनच ओळखला जातो, हे आपण जाणतोच.

मात्र आपणही अर्धेच वाचू नये. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी या राजमातेने हे देखणे लेणे भदावनीय निकायाच्या भिक्खूंना दिले. त्याच लेखात आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती करताना त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असेही तिने गौरवाने कोरून घेतले आहे. बौद्ध लेण्यातील लेखात वर्णव्यवस्थेचे कौतुक! हे आपल्याला अडचणीचे वाटेल, पण लपवायचे नाही. राजसत्ता संघाला दानही देत होती आणि वर्णव्यवस्था राखल्याचा अभिमानही मिरवत होती. दंतकथेला दुसरी दंतकथा हे उत्तर नव्हे. बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा मागायला शिकवले, तो स्वतःकडेही मागावा लागतो.

ग्लासातील इतिहास

लेण्यांवरून बस गंगापूर रस्त्याला लागली. वाटेत गोवर्धन गाव आले. लेखांतील गोवर्धन ते हेच, असे अभ्यासक मानतात. ज्या विणकरांकडे ती ठेव होती त्यांच्या गावाच्या शिवारातून आम्ही चाललो होतो. गाईडच्या माईकवर हिंदी गाणे लागले होते.

वायनरीत मात्र इतिहास सुरू झाला! द्राक्ष कोणत्या जातीचे, ते मूळ कोणत्या देशातले, रोपे कधी लावली, माती कशी, रात्रीची थंडी किती लागते, ओकच्या पिंपात वाईन किती महिने ठेवली. शेनिन ब्लाँ आणि शिराझ यांच्या चवीत काय फरक. ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, नाक कुठे न्यायचे. तेथील तरुणीने पाऊण तास न चुकता सांगितले. एकाही वाक्यात दंतकथा नव्हती. 'ही वाईन पांडवांनी एका रात्रीत केली' असे सांगितले तर गिऱ्हाईक हसेल, हे धंद्याला पक्के ठाऊक आहे. बाटलीला जन्मतारीख हवी आणि लेण्यांना दंतकथा चालते, कारण बाटलीचे गिऱ्हाईक पुरावा मागते. लेण्यांसाठी पुरावा मागणारे आपण आहोत आणि आपण गिऱ्हाईक नाही.

आम्ही ग्लास घेतला नाही. पंचशीलातील पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतील दारू न पिण्याची प्रतिज्ञा आमच्यासाठी भिंतीवर लावायचा तक्ता नाही. वस्त्यांमध्ये काम करताना दारूने रिकामी झालेली घरे आम्ही रोज पाहतो. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी समजावले, "अहो, वाईन म्हणजे दारू नव्हे." २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हाही असेच बोलले गेले आणि शेतकऱ्याच्या भल्याचे कारण पुढे करण्यात आले. कोणी काय प्यावे यावर आम्ही पहारा ठेवणार नाही. पण शेतकऱ्याचे नाव घेऊन धंदा उभा राहतो तेव्हा शेतमजुराचे काय, हे विचारणारच.

कारण काचेच्या पलीकडे तोडणी चालू होती. बायका डोईला पदर बांधून घड कापून क्रेटमध्ये भरत होत्या. पेठ, सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबे छाटणी-तोडणीच्या हंगामात नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात मजुरीला उतरतात, हे या जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? पर्यटक त्या बायकांचे फोटो काढत होते. आम्ही माहिती देणाऱ्या तरुणीला विचारले, "यांना रोज किती मिळतो?" द्राक्षाची जात, माती, पीप सगळे तोंडपाठ असलेली ती मुलगी गप्प झाली. तो प्रश्न तिच्या कागदावर नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वी याच शिवारात कष्टकऱ्याचे नाव दगडावर कोरले गेले. आज त्याच शिवारात बाटलीच्या लेबलवर टेकडीचे चित्र असते, द्राक्षाचे नाव असते, तोडणाऱ्या बाईचे नसते.

घाटावरचे मौन

संध्याकाळी गोदाघाट. रामकुंड, दुतोंड्या मारुती, दिवे, आरती. मग काळाराम मंदिर. काळा पाषाण, पेशव्यांचे सरदार ओढेकर यांनी केलेले बांधकाम, अशी माहिती मिळाली. आम्ही वाट पाहत होतो. पुढचे वाक्य आलेच नाही.

२ मार्च १९३०. गांधीजी दांडीला निघण्याच्या दहा दिवस आधी. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांची मिरवणूक याच मंदिरापाशी आली. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी चार दरवाजांवर बसली. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, बाबासाहेबही तिच्यातून सुटले नाहीत. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षे चालवला. देवदर्शनाची हौस भागवण्यासाठी तो नव्हता, आपल्या माणसांत चेतना जागवण्यासाठी होता, हे बाबासाहेबांनीच पुढे स्पष्ट केले. आणि याच जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

काळारामच्या बंद दरवाजापासून त्रिरश्मीच्या उघड्या विहारापर्यंत बसने अर्धा तासही लागत नाही. आपल्या समाजाला ते अंतर कापायला १९५६ उजाडावे लागले. सहलीचा मार्ग हाच होता, पण ही गोष्ट मात्र तिकिटात नव्हती.

परतताना आम्ही गाईडला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, तुम्ही लेणी पांडवांची का सांगता?" त्याने आजूबाजूला पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, "जयभीम दादा." मग थांबून म्हणाला, "मला माहीत आहे हो सगळं. बुद्ध पौर्णिमेला घरच्यांना घेऊन तिथंच जातो मी. पण ऑफिसनं जे लिहून दिलंय तेच बोलावं लागतं. मागं एकदा बोललो होतो, तक्रार गेली. नोकरी आहे."

त्याच्यावर आम्हाला रागावता आले नाही. आपल्याच पोराला आपलाच इतिहास दबक्या आवाजात सांगावा लागतो आणि पांडव माईकवर, यात त्याची नाही, आपली हार आहे. तो एकटा पडला कारण त्याच्या मागे आपण नव्हतो.

मग करायचे काय?

पर्यटन कंपन्यांना शिव्या घालून फेसबुकवर मोकळे होणे सोपे आहे. आधी स्वतःला विचारू. आपल्यापैकी किती जणांना तो दहाव्या लेण्यातील लेख वाचता येतो? आपण लेण्यांत जातो, सेल्फी काढतो, घोषणा देतो, मेणबत्त्या लावून छताला काजळी धरवतो आणि उतरतो. हे थांबले पाहिजे. धम्मलिपी शिकवणारे तरुण आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. प्रत्येक वस्तीतून किमान दोघांनी ती शिकावी.

दुसरे, ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. प्रत्येक महत्त्वाच्या शिलालेखाशेजारी त्याचा मराठी अनुवाद असलेला फलक लावा, ही मागणी लेखी निवेदनाने करू. आणि काळाराम मंदिराच्या परिसरात बाहेरच्या माणसाला ठळक दिसेल अशी सत्याग्रहाची माहिती हवी, ही मागणी महापालिकेकडे. सिंहस्थासाठी नाशिकच्या घाटांवर, रस्त्यांवर सरकारी पैसा ओतला जात आहे. त्या पैशात आपल्याही कराचा वाटा आहे.

तिसरे आणि महत्त्वाचे, आपली सहल आपण काढू. त्रिरश्मीवर शिलालेखांचे वाचन, गोवर्धनच्या शिवारात द्राक्षबागेतील मजुरांशी बोलणे, काळारामचे चार दरवाजे आणि शेवटी येवल्याची मुक्तिभूमी. एक दिवस पुरतो. त्या गाईडसारख्या आपल्या पोरांना तेथे मोठ्या आवाजात बोलू द्या आणि त्यांच्या कामाचा योग्य मोबदला द्या. येत्या २ मार्चला आम्ही पहिली फेरी काढत आहोत. बस साधी असेल, जेवण डब्यातले असेल.

त्या लहान मुलीला आणि तिच्या आईलाही आम्ही बोलावणार आहोत. भीम त्या ओट्यावर कसा मावायचा, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तिला अजून द्यायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!