हाली रुपया ‘खोटा’ नव्हता

१/
मराठवाड्यातील जुन्या पेट्यांतून आजही चारमिनार छापाचे चांदीचे रुपये निघतात. ‘निजामाचे हलके नाणे’ म्हणून ते सोनाराच्या मुशीत जातात. राणीछाप रुपयाला मात्र लक्ष्मीपूजनाच्या ताटात जागा मिळते. या न्यायाला इतिहासाचा आधार नाही.

२/
फुलंब्री हे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. येथे चलन ‘हाली सिक्क्या’चे. हाली म्हणजे चालू, प्रचलित. अजिंठ्याचा घाट उतरून ब्रिटिश खानदेशात गेले की ‘कलदार’ लागे. कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. विसाव्या शतकातील चारमिनार छाप रुपयाही यंत्रावरच पाडलेला होता. तरी कलदार हे मानाचे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटले.

३/
ठरलेला दर असा : १०० रुपये कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या हिशेबात, ६ कलदार बरोबर ७ हाली. ‘हाली खोटा’ म्हणणारे याच दराकडे बोट दाखवतात.

४/
आता तराजू घ्यावा. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. हाली ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के. सहा कलदारांत शुद्ध चांदी सुमारे ६४ ग्रॅम भरते. सात हालींतही तेवढीच. ज्या नाण्याचा दर त्यातील चांदीशी इतका जुळतो, त्याला खोटे कसे म्हणावे?

५/
शुद्धतेचाच आग्रह असेल, तर ब्रिटिश सरकारने १९४० साली आपल्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, हेही सांगावे लागेल. युद्धकाळात निजाम सरकारनेही तेच केले. मग खोटेपणाचा शिक्का एकाच्याच कपाळी का?

६/
खरी झळ होती ती दोन चलनांच्या सीमेवर. माल कलदारात विकायचा आणि सारा हालीत भरायचा, तर मोड करून घेताना सराफाचा बट्टा शेतकऱ्याच्याच पदरातून जाई. तो बट्टा विस्मरणात गेला. नाण्याच्या नावाला लागलेला बट्टा मात्र टिकून राहिला.

७/
हालीची बाजू घेणे म्हणजे निजामी राजवटीची भलामण नव्हे. रुपयावर छाप राजाची असली, तरी तो कमावला होता रयतेने. त्या कष्टांची साक्ष वितळवून चांदीचा भाव तेवढा हाती येईल. साक्ष पुन्हा घडवता येणार नाही.