दमयंतीची हूल

पोळ्याच्या सुमारास नांदगाव खंडेश्वरकडे तीन पत्तीचे डाव रंगतात, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. या खेळात पाळी आली की चाल द्यायची किंवा पॅक व्हायचे. शो मागायचा तरी पैसे मोजावेच लागतात. काहीही न लावता डावात बसून राहण्याची सोय नाही. पोकरमध्ये ती आहे. समोर कुणी पैसे लावलेले नसतील तर ‘चेक’ म्हणून पाळी पुढे सरकवता येते.

पोकरच्या आख्यायिका मात्र ब्लफच्या, म्हणजे हूल देण्याच्या. 2003 च्या जागतिक स्पर्धेत ख्रिस मनीमेकरने हाती जोडीसुद्धा नसताना सगळ्या चिप्स पुढे लोटल्या आणि सॅमी फारहाने नव्व्यांची जोडी टाकून दिली, हा प्रसंग अजून सांगितला जातो. चेकची आख्यायिका कुणी सांगत नाही. स्पर्धेत चिप्स संपल्या की खेळ संपला. म्हणून तिथे हूल कधी द्यायची यापेक्षा तोवर कसे थांबायचे हा प्रश्न अवघड असतो. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने पोकरचे सोपे प्रारूप मांडले, त्यातही उत्तम पत्त्यांवर आणि काही अगदी वाईट पत्त्यांवर पैसे लावायचे, मधल्या पत्त्यांवर चेक करायचे, असेच निघते. हूल द्यायची ती गमावण्यासारखे काही नसलेल्या पत्त्यांवर.

आपल्या वाङ्मयात हे कुणाला कळले होते? माझे उत्तर याच अमरावती जिल्ह्यातले आहे. वर्धेकाठचे कौंडिण्यपूर म्हणजे विदर्भाची राजधानी कुंडिनपूर, असे परंपरा मानते. म्हणजे दमयंतीचे माहेर. नलोपाख्यान द्यूताचे आख्यान म्हणून वाचले जाते ते नळामुळे. तो पुष्कराशी खेळतो, थांबत नाही आणि राज्य गमावतो. खरी खेळाडू दमयंती आहे, आणि वर्गात आपण तिला विरहिणी आणि पतिव्रता एवढ्यावरच सोडून देतो, याची मला खंत वाटते.

माहेरी आल्यावर ती काय करते पाहा. देशोदेशी ब्राह्मण पाठवते. ठरावीक वचने सभांतून म्हणायची आणि कोण उत्तर देतो ते पाहायचे, एवढेच त्यांचे काम. हा चेक आहे. स्वतः काही लावायचे नाही, दुसऱ्याला बोलू द्यायचे. अयोध्येत ऋतुपर्णाचा सारथी बाहुक उत्तर देतो, ते पर्णाद परत येऊन सांगतो, आणि मगच ती हूल देते: उद्या सूर्योदयाला दमयंतीचे दुसरे स्वयंवर. हा निरोप फक्त ऋतुपर्णाकडे जातो. बापालाही पत्ता नाही. आईला मात्र विश्वासात घेतलेले. एका दिवसात तेवढे अंतर रथाने कापणारा नळच, म्हणून मुदत एका दिवसाची. (पोकरमध्ये हूल असते ती समोरच्याने पत्ते टाकावेत म्हणून, दमयंतीची, त्याने ते उघडावेत म्हणून. एवढा फरक मान्य.)

त्या प्रवासात बेहड्याच्या झाडाखाली ऋतुपर्ण नळाला अक्षहृदय देतो, पुढे नळ एकाच डावात राज्य परत मिळवतो. टीकाकार या विद्येवर पुष्कळ लिहितात. पण ती विद्या नळापर्यंत पोचली ती दमयंतीच्या हुलीमुळे.

आणि रथ कुंडिनपुरात शिरल्यावरही ती धावत जात नाही. पुन्हा चेक. केशिनी दासीला पाठवते, बाहुकाच्या हालचालींवर नजर ठेवायला सांगते, त्याने शिजवलेले मांस मागवून चाखून पाहते, दोन्ही मुलांना तिच्याबरोबर त्याच्याकडे पाठवते. मुलांना छातीशी धरून तो रडतो. हे केशिनीने येऊन सांगितल्यावर, आईवडिलांच्या संमतीने, ती त्याला आपल्यापुढे बोलावते.